एचआयव्ही रुग्णांच्या संघटना औषध कंपन्यांसोबत बसतात, मग त्यांच्यावर विश्वास ठेवावा का?

तुम्ही विचारलंय की रुग्णांच्या संघटना संशोधक आणि औषध कंपन्यांसोबत बैठका घेतात, काही त्यांच्याकडून निधीही घेतात, तर त्या रुग्णांची बाजू कशी मांडणार? मी स्वतः एचआयव्हीसह जगते आणि संशोधकांपुढे रुग्णांची बाजू मांडणाऱ्या एका समुदाय सल्लागार मंडळावर काम करते. माझं मत स्पष्ट आहे: बसायलाच हवं, आणि तेही चाचणीचा आराखडा पक्का होण्याआधी. कोणाला वगळणार, संमतीपत्र वाचून माणसाला काय कळणार, चाचणी संपल्यावर औषध कोण पुरवणार, हे सगळं तेव्हाच ठरतं. नंतर फक्त सह्या उरतात.

कंबोडियात हे झालं नाही. टेनोफोविर हे एचआयव्हीवरचं औषध आधीच घेतल्याने लागण टळते का, याची चाचणी तिथे सेक्स वर्कर महिलांमध्ये व्हायची होती. उद्या दुष्परिणाम झाले तर आमच्या उपचारांचं काय, एवढंच त्या विचारत होत्या. त्यांचं समाधान झालं नाही, विरोध पेटला आणि २००४ मध्ये सरकारने चाचणीच थांबवली. औषधात खोट नव्हती. पुढे त्याच औषधाचा समावेश असलेली गोळी प्रतिबंधासाठी मंजूर झाली.

उलट उदाहरण डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्या उपचारातल्या औषधाचं, आणि ते मला फार जवळचं आहे. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातून बातमी आली की गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेत असलेल्या स्त्रियांच्या ४२६ बाळंतपणांत ४ बाळांच्या मेंदू-मणक्यात जन्मजात दोष आढळला. लगेच अनेक देशांनी मूल होण्याच्या वयातल्या सगळ्याच बायकांना हे औषध देताना हात आखडता घेतला. औषध चांगलं, सोसायलाही सोपं, पण बायकांना जुनंच घ्या म्हणायचं! जुलैमध्ये आफ्रिकेतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया रवांडाच्या राजधानीत, किगालीत जमल्या. धोका किती ते आम्हाला नीट सांगा, निर्णय आम्ही घेऊ, असं त्यांनी ठणकावलं. पुढे जास्त माहिती जमली तसा धोका बराच कमी दिसला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांसकट सर्वांसाठी या औषधाला पहिली पसंती दिली.

आता पैशांबद्दल. दक्षिण आफ्रिकेच्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या संघटनेने औषध कंपन्यांचा पैसा न घेण्याचं धोरण ठेवलं. युरोपियन एड्स ट्रीटमेंट ग्रुप निधी घेतो आणि तो जाहीर करतो. मला दोन्ही मार्ग मान्य आहेत. लपवलेला पैसा मात्र अजिबात मान्य नाही.

संघटना पारखायची असेल तर ती लेनाकापाविरबद्दल काय बोलते ते बघा. हे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. त्याच्या आफ्रिकेतल्या चाचणीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना घेतलं, गरोदर राहिलेल्या स्त्रियांनाही बाहेर काढलं नाही. स्त्रियांच्या संघटना कित्येक वर्षं हेच मागत होत्या. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बनवणाऱ्या गिलियड कंपनीने १२० देशांसाठी जेनेरिक, म्हणजे त्याची स्वस्त आवृत्ती बनवण्याचे परवाने दिले, तेव्हा ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू त्यात नव्हते. याच इंजेक्शनच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत या देशांतल्या लोकांनीही स्वतःचं शरीर दिलं होतं. चाचणीच्या बैठकीत कंपनीशेजारी बसलेली संघटना या यादीविरुद्ध नाव घेऊन, उघडपणे बोलते का? बोलत असेल तर तिने निधी घेतला म्हणून मी तिला दूर लोटणार नाही.