रमीचे पैसे, भाड्याचे खाते आणि कायदा

प्रश्न : रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे. शिवाय जुगार हा राज्यांचा विषय. मग दिल्लीने पैशांची रमी बंद कशी केली? (सांगली)

उत्तर : तुमचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. राज्य सूचीतील ३४ वी नोंद ‘पैज आणि जुगार’ अशीच आहे. म्हणून महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो, गोव्याचा १९७६ चा वेगळा, सिक्कीमने २००८ मध्ये ऑनलाईन खेळांना परवाने देण्याचा कायदा केला, तर तेलंगणाने २०१७ मध्ये पैशांचे ऑनलाईन खेळ बंद केले. एकच ॲप एका राज्यात चालू आणि शेजारच्या राज्यात गुन्हा, हा घोळ त्यातून झाला.

आता कौशल्याचा मुद्दा. १८८७ च्या कायद्याचे १३ वे कलम निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देते, आणि साठच्या दशकात रमीबाबतचा निकाल आला. सगळा धंदा याच खुंटीला टांगलेला होता. त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे : जागेचा मालक पैशांच्या डावातून नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. हे वाक्य जाहिरातींत कधी दिसले नाही.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला केंद्राचा ऑनलाईन गेमिंग कायदा हा वादच बाजूला ठेवतो. कौशल्य की नशीब, हे तो विचारत नाही. परताव्याच्या आशेने पैसे लावले का, एवढेच पाहतो. पैशांऐवजी नाणी, टोकन, क्रेडिट असले, तरी त्यांचे पैशांत मोल होत असेल तर तेही पैसे लावणेच. महिन्याची ठराविक फी भरून नुसते खेळणे चालते. मान्यता आणि नोंदणी असलेल्या ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या) स्पर्धेत प्रवेश फी आणि बक्षीसही चालते. कायद्याला आव्हान देणाऱ्या निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतल्या. राज्यांच्या अधिकाराचा तुमचा मुद्दा त्यांत आहेच.

प्रश्न : नुसते खेळणाऱ्याला अटक होते का? आमच्याकडे एक जण सगळ्यांना क्रिकेटचे ‘आयडी’ काढून देतो. (जालना)

उत्तर : केंद्राच्या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण राज्याचा कायदा रद्द झालेला नाही. जुगाराच्या अड्ड्यावर किंवा रस्त्यावर सापडल्यास त्याची कलमे लागतात.

आयडी, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचे खाते, काढून देणारा मात्र खेळाडू नव्हे. टोळीने चालवलेला बेकायदा सट्टा भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमात येतो : १ ते ७ वर्षे. ‘आमच्याकडे परदेशी परवाना आहे’ हे त्याचे पालुपद ऐकून सोडून द्या. भारतातल्या लोकांना सेवा देणारी साइट बाहेरून चालत असली, तरी केंद्राचा कायदा तिला लागू आहे.

प्रश्न : मुलाने मित्राला बँक खाते ‘वापरायला’ दिले, महिन्याला ठराविक रकमेच्या बोलीवर. आता खाते गोठले आहे. काय करावे? (नाशिक)

उत्तर : सट्ट्याच्या साखळीत पोलिसांना सर्वांत आधी सापडतो तो असा खातेदार. ॲपचा मालक दूर असतो, पैसे मात्र तुमच्या मुलाच्या नावावर आलेले दिसतात. पैशांच्या खेळाचे व्यवहार पार पाडायला मदत करणे हाही २०२५ च्या कायद्यात गुन्हा आहे, शिक्षा खेळ पुरवणाऱ्याइतकीच.

आधी एटीएम कार्ड ब्लॉक करा. नेटबँकिंगचा पासवर्ड बदला आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तपासा. पुष्कळदा तो बदललेला असतो. मग शाखेत लेखी अर्ज द्या : कोणत्या तक्रारीवरून होल्ड लागला, तिचा क्रमांक, कोणते पोलीस ठाणे, किती रक्कम. तोंडी विचारल्यास ‘सायबरकडून आलंय’ एवढेच उत्तर मिळते. वादातली रक्कम थोडी आणि खाते मात्र पूर्ण बंद असेल, तर होल्ड तेवढ्या रकमेपुरताच ठेवावा अशी लेखी मागणी करा. खात्याचा उतारा आणि मित्राशी झालेले चॅट घेऊन वकिलासह त्या ठाण्यात जा. चॅट पुसू नका, मुलाच्या बाजूचा पुरावा बहुधा तोच असतो. ठाणे परराज्यातले असेल तर पत्रव्यवहार ईमेलने सुरू करा. पोलीस दाद देत नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) ५०३ व्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मुलाचे स्वतःचे पैसे फसवणुकीत गेले असतील, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ फोन. रक्कम दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पोचली की ती अडवणे अवघड होते.

प्रश्न : मित्राला सट्ट्यासाठी ४० हजार उसने दिले. दावा लावता येईल का? (कल्याण)

उत्तर : पैजेचा करार कंत्राट कायद्याच्या ३० व्या कलमाने निरर्थक असतो, तरी एरवी पैजेला पूरक अशा कर्जाचे पैसे वसूल होऊ शकतात. जुन्या मुंबई प्रांतात मात्र १८६५ चा कायदा आहे, आणि तो पूरक करारही निरर्थक ठरवतो. पैसे कशासाठी दिले हे सिद्ध झाले, तर दावा पडेल. मित्राला ही गंमत ठाऊक नसेल तोवर समजुतीने पैसे काढून घ्या.

प्रश्न : बंदीआधी जिंकलेल्या पैशांवर कर लागतो का? (पुणे)

उत्तर : लागतो. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. वर्षात २० हजार भरले, ५० हजार काढले, आणि वर्षाच्या सुरुवातीला व शेवटी वॉलेटमध्ये शिल्लक नव्हती, तर जिंकलेले ३० हजार. कर ९,००० अधिक उपकर ३६०. कंपनीने उगमकर (टीडीएस) कापला असला तरी विवरणपत्रात रक्कम दाखवावीच लागते. खेळातला तोटा पगारातून वजा होत नाही.

प्रश्न : मग मांडवीतले कॅसिनो कसे चालतात? (म्हापसा)

उत्तर : गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात १९९२ साली १३-अ कलम आले. पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ, पुढे जहाजांवर टेबलांवरचे खेळ, तेही सरकारच्या परवानगीने. ती परवानगी त्या जागेपुरती आहे, मोबाइलवरच्या कॅसिनोला नाही.