वाचकांचे प्रश्न : सल्लागाराकडे केव्हा जावे?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात माझे फॅब्रिकेशनचे छोटे युनिट आहे. प्रोप्रायटर मीच. महिन्याला साधारण १२ लाखांची बिले होतात आणि पैसे ४५ दिवसांत येतात. आता एका मोठ्या कंपनीकडून दरमहा आणखी ८ लाखांचे काम मिळते आहे, पण उधारी ९० दिवसांची आहे. त्यासाठी नवे मशीन घ्यावे लागेल आणि बँक कर्जाला कळव्याचा राहता फ्लॅट तारण मागते आहे. जीएसटी आणि रिटर्नचे काम सीए पाहतात. मेहुणे म्हणतात, आधी आर्थिक सल्लागाराला भेटा. एवढ्याशा धंद्याला त्याची गरज असते का?
— एक उद्योजक, ऐरोली

उत्तर : राहते घर तारण ठेवण्याची वेळ आली की धंदा केवढाही असो, सल्ला घ्यावा, आणि तो बँकेच्या कागदांवर सही होण्यापूर्वी घ्यावा. प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचे देणे आणि मालकाचे वैयक्तिक देणे कायद्याच्या दृष्टीने एकच असते, त्यामुळे धंद्याचा हप्ता थकला तर त्याची झळ थेट घराला बसते. तुमचे सीए झालेल्या व्यवहारांचा हिशेब चोख ठेवत असतील. परंतु ही ऑर्डर पेलेल का, हा प्रश्न तुम्ही त्यांना विचारलेला दिसत नाही. बहुतेक छोटे उद्योजक तो विचारत नाहीत.

तुम्ही मशीनच्या कर्जाविषयी लिहिले आहे, मला मात्र खरी अडचण उधारीत दिसते. महिन्याला ८ लाखांची बिले आणि ९० दिवसांची मुदत म्हणजे कोणत्याही वेळी २४ लाख रुपये त्या एका कंपनीकडे अडकलेले राहणार. १८ टक्के जीएसटी धरला तर येणे २८ लाखांच्या वर जाते. हा कर तुम्हाला पुढच्याच महिन्यात भरावा लागतो, मग कंपनीने पैसे दिलेले असोत वा नसोत. खरेदीवरचा कर त्यातून वजा होतो हे खरे, पण कळंबोलीच्या बाजारातला पोलादाचा व्यापारी तीन महिने थांबत नाही आणि कामगारांचा पगार तर महिन्याच्या महिन्याला द्यावाच लागतो. तुमचा नफा बाजूला काढला तरी बरीच मोठी रक्कम खेळत्या भांडवलात घालावी लागेल आणि मशीनच्या कर्जात तिची तरतूद नसते. मशीन आले, काम सुरू झाले आणि चौथ्या महिन्यात सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीचे उचल) खाते मर्यादेला टेकले, अशी अवस्था होण्याआधी हे गणित कोणीतरी कागदावर मांडून द्यायला हवे.

चांगला सल्लागार आणखी दोन गोष्टी पाहील. पहिली म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद. ती विनामूल्य असते. नसेल तर काम घेण्यापूर्वीच करा. अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. शिवाय मुदत उलटल्यावर दिलेले पैसे प्रत्यक्ष ज्या वर्षी दिले त्याच वर्षी त्या कंपनीला खर्च म्हणून दाखवता येतात. मोठ्या गिऱ्हाइकाशी कोणी कोर्टकचेरी करत नाही, हे मलाही मान्य आहे. पण बोलणी करताना हा मुद्दा मांडायला काहीच हरकत नाही. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ‘ट्रेड्स’ या मुदतीआधी बिल वटवून पैसे मिळवून देणाऱ्या व्यवस्थेत नोंदणी बंधनकारक आहे, तेव्हा आपली बिले तिथे स्वीकाराल का, हेही विचारा.

दुसरी गोष्ट तारणाची. सूक्ष्म व लघु उद्योगांना तारणाशिवाय दिलेल्या कर्जाला सीजीटीएमएसई ही पतहमी देणारी संस्था हमी देते आणि एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी रुपये आहे. हमीचे शुल्क पडते, पण फ्लॅट मोकळा राहतो. शाखेत ही योजना आपण होऊन कोणी सुचवीलच असे नाही, म्हणून ती नावानिशी मागावी.

यासाठी बँकेचे प्रकल्प अहवाल नेहमी तयार करणारा आणि स्वतःची फी घेणारा सीए किंवा सल्लागार गाठा. कर्ज मिळवून देणारे एजंट कर्ज मंजूर झाले की कमिशन घेतात, त्यामुळे ‘हे कर्ज घेऊ नका’ असे ते क्वचितच सांगतील. जाताना तीन वर्षांचे ताळेबंद, येण्या-देण्याची यादी, कंपनीची परचेस ऑर्डर आणि बँकेचे मंजुरीपत्र सोबत न्या. भागीदार घेताना, गाळा विकत घेताना किंवा धंदा मुलांच्या हाती देतानाही असाच सल्ला लागतो. रिटर्न भरण्यासाठी मात्र वेगळा सल्लागार कशाला?

प्रश्न : नौपाड्यात मी घरून फराळाचे पदार्थ करून विकते. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी ‘आर्थिक सल्ला मोफत’ म्हणून दरवर्षी १ लाख रुपये भरायची विमा योजना दिली. गेल्या आठवड्यात पॉलिसीचे कागद आले आणि आता धास्ती वाटते. खरा सल्लागार कसा ओळखावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गुंतवणुकीचा सल्ला फी घेऊन देणाऱ्याकडे सेबी या भांडवल बाजाराच्या नियामकाची नोंदणी लागते, तिचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. असा सल्लागार त्या गुंतवणुकीवर कमिशन घेऊ शकत नाही. बँकेतल्या मोफत सल्ल्याचे पैसे बहुधा तुमच्या हप्त्यातूनच जातात. सध्या तुम्हाला फी देऊन सल्ला घेण्याची निकड मला वाटत नाही. आधी धंद्याचे खाते वेगळे करा, सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत टाका आणि आरोग्य विमा घ्या. पॉलिसी नको असेल तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा खर्च कापून उरलेली रक्कम मिळते. अर्ज विमा कंपनीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेतल्या अधिकाऱ्यांना तोंडी सांगून थांबू नका.