तीन कामं सांगितली की शेवटचंच का करतो?

ताई, तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे, तीन कामं एकदम सांगितली की तो शेवटचंच करतो, तर रोज आकडे पाठ म्हणवून घेऊन स्मरणशक्ती वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. मी विशेष शिक्षिका आहे, २२ वर्षं याच मुलांमध्ये आहे. आकड्यांचा सराव सोडून द्या. त्याने मूल आकडे म्हणण्यात थोडं तयार होतं, बोलणं आहे तिथंच राहतं.

'बूट काढ, दप्तर खुंटीला लाव, हात धू' म्हटलं की तो बुटासकट नळाशी जातो ना? हा हट्ट नाही. ऐकलेलं वाक्य संपेपर्यंत त्यातले शब्द क्रमाने मनात घोळवावे लागतात. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कार्यकारी स्मृतीची, म्हणजे ऐकलेलं-पाहिलेलं थोडा वेळ मनात धरून वापरण्याच्या क्षमतेची, जी मांडणी केली, तिच्यातला हा एक भाग. डाउन सिंड्रोममध्ये नेमका तोच जास्त कमजोर असतो. डोळ्यांनी पाहिलेलं त्यामानाने बरं टिकतं. विल्यम्स सिंड्रोम या दुसऱ्या एका जन्मजात स्थितीत साधारण उलटं दिसतं. म्हणून 'या मुलांची स्मरणशक्तीच कमी' असं कुणी सरसकट म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

नवा शब्द शिकतानाही त्यातले आवाज असेच धरून ठेवावे लागतात. त्यामुळे या मुलांना समजतं पुष्कळ, बोलता येतं कमी, आणि व्याकरण सगळ्यात मागे राहतं. माझ्याकडची एक मुलगी 'मी बाबा गाडी गेले' म्हणायची. मी तोंडी दुरुस्त करत राहिले, महिनोन्‌महिने. 'ने' हा बोलताना इतका निसटता, की तिच्या कानात तो थांबतच नव्हता. शेवटी कार्डावर लिहिलं, 'मी बाबांबरोबर गाडीने गेले', आणि 'ने' लाल शाईत. ती त्या लाल अक्षरावर बोट दाबून वाचायची. काही आठवड्यांनी दारातूनच ओरडली, 'बसने आले!' मला रडू आलं.

तेव्हा वाचन आत्ताच सुरू करा, बोलणं सुधारायची वाट पाहू नका. खुंटीपाशी तीन चित्रं क्रमाने लावा, खाली एकेक शब्द. तोंडी सांगाल तेव्हा एका वेळी एकच काम सांगा, आणि मग गप्प राहा, मनात दहा मोजा. आपण घाईने तेच पुन्हा सांगतो आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

त्याआधी कान मात्र तपासून घ्या. या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचून ऐकू कमी येणं फार नेहमीचं आहे, एकदा तपासून भागत नाही.

आणि वय निघून गेलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वाक्यं किशोरवयातही वाढत राहतात. 'बसने आले' म्हणाली तेव्हा ती मुलगी १४ वर्षांची होती.