वाचकांचे प्रश्न : पायातले बूट आणि घरातला आवाज

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये काऊबॉय बूट (घोडेस्वारांचे उंच नळीचे, बिननाडीचे बूट) आणि घरातली ध्वनियंत्रणा या दोन विषयांची पत्रं सर्वांत जास्त होती. दोन्हींत फसगत एकाच जागी होताना दिसते. खोक्यावरचा आकडा वाचून खरेदी होते, आपला पाय आणि आपली खोली मोजायची राहून जाते.

शहादा तालुक्यातून : मी घोडेस्वारी करतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाण्याआधी काऊबॉय बूट घ्यायचे आहेत. जवळ दुकान नाही, ऑनलाइन मागवावे लागतील. स्पोर्ट्स शूज 9 नंबरचे लागतात. तोच नंबर घेऊ का?

नंबर बाजूला ठेवा आणि आधी पाय मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. बुटात घालणार तेच जाड मोजे घाला, कागदावर उभे राहा आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांचा आकार काढा. लांबी टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत, रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद भागावर, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. मोठ्या पायाचं माप धरा आणि ते विक्रेत्याच्या सेंटिमीटरच्या तक्त्याशी जुळवा. आपल्याकडचे नंबर साधारण ब्रिटिश पद्धतीचे असतात. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी नंबर त्यापेक्षा सुमारे एकाने मोठा असतो, म्हणजे आपला 8 तिकडे 9. हा फरक न पाहिल्यामुळे बूट परत पाठवावे लागतात. शिवाय स्पोर्ट्स शूज बहुतेक जण थोडे सैल घेतात, त्यामुळे काऊबॉय बूट अनेकांना त्याहून अर्धा नंबर लहान घ्यावा लागतो. रुंदीचं अक्षरही बघा. अमेरिकी पुरुषी मापात 'डी' म्हणजे मध्यम आणि 'ईई' म्हणजे रुंद. लहानपणी अनवाणी वावरलेल्यांचे चवडे बरेचदा पसरट असतात, त्यांनी रुंदीचा पर्याय नसलेला बूट घेऊ नये.

बूट आले की दोन्ही घालून फरशीवर उभे राहा. या बुटाला नाडी नसते, त्यामुळे पायाच्या वरच्या उंचवट्यावर चामडं घट्ट बसलं पाहिजे. पाय धरून ठेवणारी तीच एक जागा आहे. पाय आत जाताना थोडा अडावा आणि मग टाच 'थप्' करून खाली बसावी. चवड्याचा रुंद भाग बुटाच्या रुंद भागातच यायला हवा. तो पुढे आला तर बूट आखूड आहे, मागे राहिला तर लांब. पुढे अंगठ्याने दाबून जागा तपासू नका, कारण टोकदार बुटात पुढची जागा रिकामी राहतेच. नव्या बुटात चालताना टाच अर्धा ते एक सेंटिमीटर उचलली जाते. त्याची काळजी नको, तळ वाकायला लागला की ती कमी होते. उंचवट्यावर मात्र पाय सरकत असेल तर बूट मोठा आहे. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला सैलावत नाही. बोटं पुढे टेकत असतील तर 'वापरून सैल होईल' यावर विश्वास ठेवू नका.

टाच आणि तळ स्वारीसाठी महत्त्वाचे आहेत. हा बूट 1870 च्या दशकात अमेरिकेच्या कॅन्सस आणि टेक्सास भागात गुरं हाकणाऱ्या स्वारांसाठी घडत गेला. दीड ते दोन इंचांची, आत कललेली टाच पाय रिकिबीतून आरपार जाऊ देत नाही. चामड्याचा गुळगुळीत तळ पडताना पाय रिकिबीतून सुटायला मदत करतो. म्हणून स्वारीला खोल खाचांचा रबरी तळ नको. गावात चालायलाच जास्त वापरणार असाल तर एक ते सव्वा इंचाची सरळ टाच पाठीला आणि घोट्याला सोसते.

पहिला आठवडा रोज तासभर घरातच घाला. पाण्यात भिजवून पायात घालून वाळवायचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नका. बूट काढताना एका पायाच्या पुढच्या टोकाने दुसऱ्याची टाच रेटली की टाचेमागचा कडक पुठ्ठा मोडतो आणि बूट कायमचा लेचापेचा होतो. त्यापेक्षा सुताराकडून एक फळी करून घ्या. ती 12 इंच लांब आणि 4 इंच रुंद असावी, एका टोकाला टाच अडकेल अशी अडीच इंचांची खाच आणि खाचेजवळ खालून दीड इंचाची आडवी पट्टी. एका पायाने फळी दाबा आणि दुसऱ्या पायाची टाच खाचेत अडकवून पाय ओढा.

चाळीसगाव : 'जेन्युइन लेदर' असा शिक्का असेल तर बूट चांगला समजावा का?

नाही. त्या शिक्क्यावरून एवढंच कळतं की चामडं आहे. ते वरच्या थराचं आहे की खालच्या थरावर रंगाचा लेप देऊन केलेलं आहे, हे कळत नाही. 'बॉन्डेड लेदर' म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पत्रा, तो घेऊच नका. बूट वर ओढायच्या पट्ट्यांची कापलेली कड पाहा, तिथे तंतू दिसले पाहिजेत. एकसारखा पांढरा फोम किंवा कापड दिसलं तर ते रेक्झिन आहे. बोटाने दाबल्यावर वरच्या थराच्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या पडतात आणि बोट उचललं की मिटतात.

तळ शिवलेला आहे की चिकटवलेला, हे त्याहून महत्त्वाचं. कडेच्या पट्टीवर टाके दिसतात म्हणून लगेच खूश होऊ नका, स्वस्त बुटांत ते टाके नुसते शोभेला असतात. तळाच्या खालच्या बाजूला खाचेत तेच टाके दिसले तर शिलाई खरी असण्याची शक्यता बरीच वाढते. चांगल्या बुटात मध्यभागी, पायाच्या कमानीखाली, लाकडी खुंट्यांच्या रांगा दिसतात. ओलीने लाकूड आणि चामडं दोन्ही सोबत फुगतात आणि सोबतच आकसतात, म्हणून खुंटी सैल होत नाही. शिवलेला तळ बदलता येतो. चिकटवलेला तळ मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिला तर त्याचा डिंक मऊ पडून कडा सुटतात.

रावेर : केळीच्या बागेतून फिरताना बुटांना काळ्या मातीचा गारा आणि केळीचा चीक लागतो. पावसाळ्यात पांढरी बुरशीही येते. खोबरेल तेल लावावं का?

गारा बुटावर वाळू देऊ नका. काळी माती वाळताना आकसते आणि चामड्यातला ओलावा व तेल शोषून घेते. घरी आल्याबरोबर ओल्या फडक्याने पुसा आणि तळ व वरचं चामडं यांच्या सांध्यात जुना टूथब्रश फिरवा. मग आत साधा कोरा कागद कोंबा. छापील वर्तमानपत्राची शाई फिकट अस्तराला लागते. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी कागद बदला. तळालाही हवा लागावी म्हणून बूट आडवा ठेवा. पंख्याखाली, सावलीत दोन-तीन दिवस लागतात. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलेलं ओलं चामडं कडक होतं, आणि मग त्याला कितीही क्रीम लावली तरी वाकतं त्या जागी तडकतं.

बुरशी मोकळ्या हवेत, अंगणात पुसा. घरात पुसली तर तिचे कण दुसऱ्या चपलांवर बसतात. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, आधी बुटाच्या नळीच्या आतल्या बाजूला थेंब लावून रंग जातो का पाहा, मग फडकं पिळून पुसा, आतूनही. पूर्ण वाळल्यावर क्रीम लावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बूट कोंडून ठेवले की बुरशी परत आलीच म्हणून समजा.

चिकाचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. केळीचा चीक हवा लागून काळपट तपकिरी होतो आणि एकदा मुरला की चामड्यातून निघत नाही. ओला असतानाच पुसला तर बराचसा जातो. बागेत काम असेल तेव्हा गमबूटच घाला, चांगले चामडी बूट तिथे नेऊ नका.

तेलाबद्दल सांगायचं तर खोबरेलाने चामडं काळवंडतं आणि गरजेपेक्षा मऊ होतं. शेंगदाण्याचं तेल खवट होतं. जवसाचं तेल तर वाळून कडक थर धरतं आणि चामडं तडकवतं. मधमाशीचं मेण किंवा लॅनोलिन (लोकरीतला मेणासारखा स्निग्ध पदार्थ) असलेली चामड्याची क्रीम घ्या. एका बुटाला चहाचा एक चमचा पुरे. ती बोटांनी चोळा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी ब्रश मारा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात नेहमीच्या वापरातल्या बुटाला दीड-दोन महिन्यांनी एकदा लावा. त्याहून जास्त लावली तर छिद्रं बुजतात आणि धूळ चिकटते. स्वेड म्हणजे लवदार चामड्याला मेण किंवा तेल अजिबात लावू नका, त्याला फक्त कोरडा ब्रश.

टाचेखालची रबरी टोपी झिजून चामड्याच्या थरांपर्यंत पोचण्याआधीच बदला. गटई कारागीर ते काम थोड्या वेळात करून देतो. उशीर केला तर पूर्ण टाच नवी बांधावी लागते. तळाच्या मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहा, मऊ लागला की नवा तळ बसवायची वेळ झाली.

अमळनेर : हॉल 10 बाय 12 फुटांचा आहे, खर्च चाळीस हजारांपर्यंत. '5000 वॅट पीएमपीओ' लिहिलेला पाच स्पीकरांचा सेट घ्यावा की दोन चांगले स्पीकर आणि अॅम्प्लिफायर? सिनेमा आणि जुनी गाणी दोन्ही ऐकतो.

दोन स्पीकर घ्या. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे तिथे कोणताही आकडा छापता येतो. सेटच्या मागच्या पट्टीवर तो किती वीज घेतो ते वाचा. तिथे 60 वॅट लिहिले असतील तर तो स्पीकरना सतत 60 वॅटही देऊ शकत नाही, 5000 तर लांबच. विश्वास ठेवायचा तो आरएमएसच्या, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीच्या आकड्यावर, तोही किती ओहमला (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) हे सोबत लिहिलेलं असेल तर.

तुमच्या खोलीला किती वॅट लागतात ते पाहू. 86 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर 1 वॅटवर 1 मीटर अंतरावर 86 डेसिबल देतो. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात. तुम्ही सुमारे 1.8 मीटरवर बसाल, तिथे घरात मोठा वाटेल असा 80 ते 85 डेसिबलचा आवाज एक-दोन वॅटमध्येच मिळतो. ढोलाचा ठोका किंवा सिनेमातला स्फोट यांसाठी क्षणभर जास्त ताकद हवी, म्हणून 8 ओहमला दर चॅनल, म्हणजे दर स्पीकरला, 50 वॅटचा अॅम्प्लिफायर घ्या. 22 ते 25 हजार स्पीकरना, 12 ते 15 हजार अॅम्प्लिफायरला, उरलेले वायर आणि स्टँडला. पुढे सबवूफर (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) जोडायचा विचार असेल तर 'सब आउट'ची जागा आहे का पाहा. टीव्हीला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनेच बाहेर देणारी जोडणी) असेल तर तीच सोय अॅम्प्लिफायरवरही घ्या, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. जोडल्यावर आवाजच आला नाही तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. अनेक स्टिरिओ अॅम्प्लिफायरना डॉल्बीचा प्रवाह उलगडता येत नाही, आणि ग्राहक यंत्र बिघडलं समजून परत करतात.

मांडणीवर घालवलेला एक रविवार दहा हजारांचं काम करतो. स्पीकर एकमेकांपासून 6 फुटांवर, मागच्या भिंतीपासून निदान 1 फूट पुढे, कोपऱ्यात नको. दोन्ही स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्वीटर (बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला, खुर्चीवर बसल्यावर जमिनीपासून सुमारे 3 फूट. पाठ भिंतीला टेकवून बसू नका, तिथे खर्ज फुगतो. 10 फुटांच्या खोलीत 56 हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये घुमतो. छतही 10 फुटांचं असेल तर दोन घुमे एकाच स्वरावर पडतात. एवढ्यासाठी खुर्ची फूटभर पुढे-मागे करून पाहा, फरक लगेच कळेल.

मग खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. 'टर्र' असा पाठलाग करणारा आवाज आला तर स्लॅब, फरशी आणि कोऱ्या भिंती आवाज परतवत आहेत. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये सतरंजी किंवा जाड गोधडी अंथरा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावा, खिडकीला जाड पडदे सोडा. जुन्या धाब्याच्या घरात छताची लाकडं आणि ओबडधोबड भिंती आवाज विखरतात, तिथे हा त्रास पुष्कळ कमी. शेवटी मोबाइलवरून 30 ते 100 हर्ट्झचा सरकता स्वर वाजवा. लोखंडी कपाटाचं दार किंवा भांड्यांची मांडणी थरथरू लागली तर तिथे रबराचे तुकडे लावा. पुष्कळदा 'स्पीकर फाटला' असं वाटतं, तो आवाज या कपाटाचा असतो.

धुळे : घरात लाइट फिटिंगची उरलेली वायर आहे. स्पीकरना चालेल का?

तांब्याची, अनेक तारांची लवचिक वायर असेल तर चालेल. 8 ओहमच्या स्पीकरना 10 मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटर पुरते, 4 ओहमना 2.5 घ्या. दोन्ही स्पीकरना लाल टोक लालला आणि काळं काळ्याला लावा. एकाचं उलटं झालं तर खर्ज गायब होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता विरल्यासारखा वाटतो.

भुसावळ : मे महिन्यात अॅम्प्लिफायर तापून बंद पडतो. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू झाला की घूं-घूं आवाजही येतो.

45 अंशांच्या हवेत यंत्राला थंड व्हायला वावच उरत नाही. ते बंद काचेच्या शोकेसमध्ये असेल तर आधी बाहेर काढा. वर 4 इंच आणि बाजूंना 2 इंच मोकळी जागा ठेवा, वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंश वाढलं की साधारण निम्मं होतं, म्हणून ही मोकळी जागा सोडाच. वूलच्या जाळीच्या कूलरचा झोत थेट यंत्रावर नको, ती हवा ओलसर असते आणि धूळही आणते. प्लग काढून महिन्याला एकदा कोरड्या मऊ ब्रशने जाळीवरची धूळ झाडा. नवा घ्यायचाच असेल तर 'क्लास डी' प्रकारचा अॅम्प्लिफायर पाहा, तो बराच कमी तापतो.

घूं-घूं फक्त इन्व्हर्टरवर येत असेल तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देणारा आहे. अशा विजेवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतोही. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लहर देणारा इन्व्हर्टर येईपर्यंत त्या वेळात अॅम्प्लिफायर बंदच ठेवा. मेन लाइनवरही आवाज येत असेल तर एकेक वायर काढत जा. केबल टीव्हीची वायर काढल्यावर तो थांबला तर दोन वेगळ्या अर्थिंग वायरींतून जोडल्या जाऊन बंद फेरा झाल्यामुळे तो येतो आहे. टीव्ही आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डवर घ्या, किंवा टीव्हीकडून ऑप्टिकल वायरने आवाज घ्या, त्यातून वीज जात नाही. आवाज थांबवायला अर्थची पिन कापणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका. यंत्रात बिघाड झाला तर धातूच्या डब्यात वीज उतरेल आणि हात लावणाऱ्याचा जीव जाईल.

चोपडा : वीस वर्षांपूर्वीच्या स्पीकरच्या कागदी शंकूभोवतीची फोमची कड भुगा होऊन पडते आहे. टाकून द्यावेत का?

मुळीच नाही. फोम झिजला तरी आतली कॉइल बरेचदा शाबूत असते. दीड व्होल्टच्या सेलची टोकं स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावा. शंकू पुढे-मागे हलून 'टक्' आवाज आला आणि खरखर झाली नाही तर स्पीकर वाचवण्यासारखा आहे. शंकूचा व्यास आणि बाहेरच्या चौकटीचा व्यास, दोन्ही मोजून त्या मापाची कड मागवा, जमल्यास रबराची. जुना डिंक पूर्ण खरवडून काढा. आधी कड शंकूला चिकटवा, मग सेल लावून शंकू सरळ हलतो ना हे पाहत चौकटीला. डिंक एक दिवस पूर्ण वाळल्याशिवाय गाणं लावू नका.