तोर्ताच्या पावाचा लगदा का होतो?

प्रश्न : कृती वाचून मेक्सिकन तोर्ता, म्हणजे मांस भरलेला पाव, केला. पोर्क मसाल्यात रात्रभर मुरवलं, पण परतताना कढईत पाणीच पाणी झालं. लादीपावात भरलं, तर दुसऱ्या घासाला पाव हातात सुटला. कुठे चुकलं? (ठाणे)

तीन ठिकाणी, आणि तिन्हीकडे गुन्हेगार पाणीच. वाटण सैल, कढई भरगच्च, पाव मऊ.

आधी मांस. खांद्याचा, थोडी चरबी असलेला भाग घ्या. मांडीचा घेतलात तर तो कोरडा पडतो. एक किलोचा गोळा तासभर फ्रीझरमध्ये ठेवून कडक होऊ द्या, म्हणजे सुरी न घसरता चार-पाच मिलिमीटर जाडीचे काप पडतात. काप कागदाने टिपून कोरडे करा. हे टिपणं बहुतेक जण गाळतात.

वाटणाला बिया काढलेल्या ४० ग्रॅम सुक्या मिरच्या, सहा लसूण पाकळ्या, पाव कांदा, चार मोठे चमचे व्हिनेगर, एक लहान चमचा जिरं, तेवढाच ओरेगॅनो, दोन लवंगा, पाच-सहा मिरी, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एक चमचा साखर आणि १५ ग्रॅम मीठ. मिरच्या तव्यावर वीस-तीस सेकंदच शेका. वास सुटला की काढा. काळा डाग पडला की सगळं वाटण कडू, आणि ते साखरेने सुधारत नाही. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून निथळून घ्या. वाटताना मिक्सर फिरण्यापुरतंच पाणी घाला आणि वाटण गाळून सालं काढा. ते चमच्यावरून धारेने ओघळता कामा नये, गोळ्यानेच पडायला हवं. कापांना चोळून चार तास ते एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा.

आता कढई विसरा आणि बिडाचा तवा धूर निघेस्तोवर तापवा. जास्तीचं वाटण निपटून पाच-सहा कापच एका वेळी पसरा, मध्ये बोटभर जागा सोडून. तवा भरला की तो गार पडतो, सुटलेलं पाणी उडून जात नाही आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. एका बाजूला दोन मिनिटं हात लावू नका. कडा गडद झाल्या की उलटा. आत गुलाबी राहू देऊ नका. पाच मिनिटं थांबून मगच चिरा, म्हणजे रस पावात न जाता मांसात राहतो.

प्रश्न : मग पाव कोणता? (पुणे)

तिकडे तोर्ताला बोलियो किंवा तेलेरा वापरतात. बोलियो दोन्ही टोकांना निमुळता आणि कडक सालीचा असतो. तेलेरा चपटा, वर दोन खाचा असलेला, जरा मऊ. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा म्हणजे ब्रून पाव, आणि गोव्यात उंडो. लादीपावाला साल नसतेच, म्हणून तो भिजला की संपला.

पाव आडवा चिरा, वरच्या अर्ध्यातला मऊ गर थोडा कोरून काढा आणि कापलेल्या बाजूंना चरबी किंवा लोणी लावून तव्यावर लालसर करा. खालच्या अर्ध्यावर शिजवून घोटलेल्या राजम्याचा जाड थर लावा. एक वाटी राजमा रात्रभर भिजवून, मऊ शिजवून, कांदा परतलेल्या चरबीत ठेचत इतका आटवा की कडा तव्यापासून सुटतील. हा थर चवीला आहेच, पण त्याचं खरं काम पाव आणि मांस यांच्यामध्ये बांध घालण्याचं. त्यावर मांस, आव्होकाडो, लिंबू-मिठात अर्धा तास मुरवून पिळलेला कांदा आणि लोणच्यातली हालापेन्यो मिरची. टोमॅटो घालायचाच तर बिया काढून.

प्रश्न : वाटणाला लागणारी ग्वाहीयो ही मेक्सिकन सुकी मिरची मिळत नाही. काश्मिरी पावडर चालेल का? (नाशिक)

पावडर नको, तिचं वाटण पिठाळ होतं. ब्याडगी घ्या. ग्वाहीयोसारखाच तिचा रंग भरपूर आणि तिखटपणा कमी. ग्वाहीयोच्या जोडीला घालतात त्या आंचो मिरचीला मनुकांसारखी गोडसर चव असते. त्यासाठी साखर वगळून पाच-सहा भिजवलेल्या मनुका वाटा. संकेश्वरी वापरलीत तर तोंडाला तिखटाखेरीज काही कळणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे ग्वाहीयो, आंचो दोन्ही मिळतात. प्रमाण? (ह्यूस्टन)

एक किलोला सहा ग्वाहीयो, दोन आंचो. भिजवलेलं पाणी चाखा. कडवट लागलं तर फेकून द्या आणि साधं पाणी वापरा. पाव मेक्सिकन बेकरीतून तेलेराच आणा.

प्रश्न : अननसाचा रस घालून रात्रभर ठेवलं, तर मांस पिठासारखं झालं. (कोल्हापूर)

ताज्या अननसातलं ब्रोमेलिन नावाचं विकर प्रथिनं तोडतं. पातळ कापांना तासभर पुरे. डबाबंद अननस तापवलेला असल्याने त्यातलं विकर निकामी झालेलं असतं, तो रात्रभर चालतो. खरं तर अननसाच्या फोडी तव्यावर वेगळ्या भाजून पावात घालणंच बरं.

प्रश्न : घरात रेशाद (गोव्याचा लाल, आंबट-तिखट) मसाला तयार आहे. तोच लावला तर? (मडगाव)

लावा, पण त्याला तोर्ता म्हणू नका! मिरची पोर्तुगिजांमार्फत अमेरिकेतून गोव्यात आली, आणि व्हिनेगर-लसणीत मांस मुरवायची रीतही त्यांचीच. विंदालू हे नाव त्यातूनच आलं. मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी तशीच रीत नेली, त्यामुळे ही दोन्ही वाटणं चुलतभावंडं आहेत. रेशादमध्ये चिंच आणि साखर असते, म्हणून ते लवकर करपतं. आच मध्यम ठेवा, काप तीन मिलिमीटरचे करा आणि मीठ पुन्हा घालू नका.