सगळेच काही निर्देशांक नसतात

प्रश्न थोडक्यात असा: वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी भारत, व्हिएतनाम आणि सिंगापूर यांच्या व्यापाराची तुलना करणारी एक पुस्तिका तयार होते आहे. सरासरी आयात शुल्क, जीडीपीच्या तुलनेत व्यापार, मालवाहतुकीचा दर्जा असे पाचसहा 'इंडिकेटर' त्यात आहेत. लेखिकेने त्यांना 'निर्देशक' म्हटलं होतं, तपासणाऱ्याने सरसकट 'निर्देशांक' करून टाकलं. बरोबर कोण? शिवाय 'बद्ध शुल्क' (देशाने कबूल केलेली कमाल मर्यादा) आणि 'उपयोजित शुल्क' (प्रत्यक्षात आकारलं जाणारं) हे शब्द कसे वाटतात?

लेखिकाच बरोबर. मी मात्र तिच्या जागी 'दर्शक' लिहिलं असतं. का ते सांगतो.

'निर्देशांक' आपल्या कानात बसला तो सेन्सेक्समुळे. 'निर्देशांक पाचशे अंशांनी कोसळला' ही बातमी ऐकत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. पण सेन्सेक्सला निर्देशांक का म्हणतात? १९७८-७९ हे पायाभूत वर्ष धरून तेव्हाची पातळी १०० मानली आणि अनेक कंपन्यांच्या बाजारमूल्याचं मिळून पुढे काय झालं ते एकाच आकड्यात सांगितलं, म्हणून. महागाईचा निर्देशांक असाच, मानव विकास निर्देशांकही अनेक गोष्टी एकत्र करून काढलेला. दिनांक, क्रमांक, बुद्ध्यांक, उत्कलनांक या शब्दांत 'अंक' जसा फुकट आलेला नाही, तसाच तो इथेही नाही. निर्देशांक हा मुद्दाम रचलेला, घडवलेला आकडा असतो.

आता तपासणाऱ्याच्या दुरुस्तीनंतर वाक्य काय झालं असेल पाहा: 'भारताचा आयात शुल्क निर्देशांक १७ टक्के आहे.' निर्देशांक टक्क्यांत? १७ टक्के ही २०२३ सालची साधी सरासरी आहे. सगळ्या वस्तूंवरचे दर मिळवले आणि वस्तूंच्या संख्येने भागले, झालं. ना पायाभूत वर्ष, ना चार गोष्टींची मोट. या वाक्यातला निर्देशांक काढून 'सरासरी आयात शुल्क' म्हटलं की काम होतं.

मग 'निर्देशक' का नको? चुकीचा मुळीच नाही. निर्देश करतो तो निर्देशक, व्युत्पत्ती स्वच्छ आहे. अडचण शेजाऱ्यांची आहे. हिंदी वाचणाऱ्याला निर्देशक म्हटल्यावर सिनेमाचा दिग्दर्शक आठवतो, आणि आपल्याच दहावीच्या मुलाला निर्देशक भूमिती, म्हणजे क्ष आणि य. 'दर्शक'लाही हिंदीचा त्रास आहेच, कारण तिकडे दर्शक म्हणजे प्रेक्षक. पण मराठीत प्रेक्षकाला आपण दर्शक म्हणत नाही (दूरचित्रवाहिन्या म्हणू लागल्या आहेत, तो वेगळा रडगाण्याचा विषय). मराठीत दर्शक म्हणजे दाखवणारा: दर्शक सर्वनाम, दिशादर्शक पाटी, मार्गदर्शक. 'सूचक'ही चालला असता, पण त्याला सभेतल्या सूचक-अनुमोदकाचा आणि सूचक हसण्याचा वास आहे.

आणि मुख्य म्हणजे शाळेच्या विज्ञानात इंडिकेटरला 'दर्शक'च म्हणतात. लिटमस हा दर्शक. घरातला दर्शक म्हणजे हळद: वरणाचा पिवळा डाग पडलेल्या सदऱ्याला कपडे धुण्याचा साबण लावा, डाग लालभडक होतो. त्यावरून साबण आम्लारीधर्मी आहे एवढं कळतं. किती, ते कळत नाही. त्यासाठी सामू (पीएच) मोजावा लागतो. हळद दर्शक, सामू अंक. अर्थशास्त्रातला दर्शक काही नुसता रंग दाखवत नाही, आकडाही देतो, तेव्हा हा दाखला ताणू नये. पण दर्शक स्वतःपलीकडच्या कशाकडे तरी बोट दाखवतो, आणि ते बोट कुठे वळलंय हे आपल्यालाच पाहावं लागतं, एवढं मात्र दोन्हीकडे खरं.

याच शुल्काचं घ्या. साधी सरासरी १७ टक्के, पण 'भारित सरासरी', म्हणजे ज्या वस्तूची आयात जास्त तिच्या दराला वजन जास्त, ती १२ टक्क्यांच्या आसपास. इतका फरक कसा? समजा, एका देशात दोनच वस्तू आहेत. खनिज तेलावर ५ टक्के शुल्क आणि त्याची आयात अफाट. परदेशी दारूवर १५० टक्के आणि म्हणून ती जवळपास येतच नाही. साधी सरासरी निघेल साडेसत्त्याहत्तर, भारित सरासरी पाचच्या जरा वर. भिंत जितकी उंच तितका माल कमी, आणि माल कमी म्हणून सरासरीत भिंतीचं वजनही कमी! म्हणून पुस्तिकेत नुसतं 'सरासरी' लिहू नये. 'साधी' की 'भारित' हे विशेषण प्रत्येक वेळी हवं, मग वाक्य कितीही जड होवो.

जीडीपीच्या तुलनेत व्यापार, हा दुसरा दर्शक. भारताचा ४५ टक्क्यांच्या जवळपास, व्हिएतनामचा दीडशेच्या वर, सिंगापूरचा तीनशेच्या वर. इथे 'जीडीपीतील व्यापाराचा वाटा' हा शब्दप्रयोग सर्रास दिसतो आणि तो साफ चूक आहे. वाटा शंभराच्या पुढे जाऊच शकत नाही. भाकरीचे तीन भाग केले तरी भाकरी एकच. व्यापारात निर्यात आणि आयात यांची पूर्ण किंमत धरतात, जीडीपीत फक्त देशात झालेली मूल्यवृद्धी. व्हिएतनाममध्ये फोनचे सुटे भाग बाहेरून येतात, जोडून फोन बाहेर जातो, म्हणजे तेच भाग येताना एकदा आणि जाताना एकदा मोजले गेले. सिंगापुरातून तर कितीतरी माल येतो तसाच पुढे जातो. तेव्हा 'वाटा' नको, 'प्रमाण' लिहा. 'जीडीपीशी प्रमाण' वाचताना अडखळायला होत नाही आणि अर्थही सांडत नाही.

मालवाहतुकीच्या दर्जाचा जागतिक बँकेचा जो मापदंड आहे तो मात्र खराखुरा निर्देशांक. सीमाशुल्क यंत्रणा, पायाभूत सुविधा, माल वेळेवर पोचणं वगैरे सहा बाबी एकत्र करून पाचपैकी गुण देतात. २०२३ मध्ये सिंगापूर ४.३ गुणांनी पहिलं, भारत ३.४ गुणांनी अडतिसावा. २०१८ मध्ये भारत चव्वेचाळिसावा होता. आता क्रियापदाची गंमत: क्रमांक 'वाढला' की 'घटला'? ४४ चे ३८ झाले म्हणजे आकडा घटला, पत वाढली. मराठीत सरळ 'भारत सहा पायऱ्या वर गेला' म्हणावं. त्यातही २०१८ च्या यादीत १६० देश होते, २०२३ च्या यादीत १३९. त्यामुळे पायऱ्यांपेक्षा गुणांची तुलना बरी. निर्देशांक, गुण, क्रमांक हे तीन शब्द एकमेकांच्या जागी टाकले की वाचक फसतो. जागतिक बँकेच्याच व्यवसायसुलभतेच्या यादीत लोक क्रमांकांवर इतके भाळले होते की आकडेवारीतल्या गडबडींनंतर २०२१ मध्ये तो अहवालच बंद झाला, तेव्हा कित्येकांना आपलं काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.

राहिले 'बद्ध' आणि 'उपयोजित'. 'यापेक्षा जास्त शुल्क लावणार नाही' असा शब्द प्रत्येक सदस्य देश जागतिक व्यापार संघटनेत देऊन ठेवतो. भारताची ती मर्यादा सरासरीने ५०.८ टक्के आहे, प्रत्यक्ष आकारणी तिच्या कितीतरी खाली. 'बद्ध' ऐकून विद्यार्थ्याला साखळदंड दिसेल, कबुली दिसणार नाही. 'कबूल कमाल दर' म्हटलं की बाकी काही समजावून सांगावं लागत नाही. आणि 'उपयोजित' तर काढाच. उपयोजित कला असते, उपयोजित गणित असतं. शुल्क आपण लावतो, आकारतो, बसवतो. उपयोजतो असं कुठल्या नाक्यावर ऐकलंय? तक्त्याच्या दोन रकान्यांवर 'कबूल कमाल दर' आणि 'प्रत्यक्ष आकारलेला दर' लिहा, आणि तक्त्याच्या डोक्यावर 'व्यापारविषयक दर्शक'. तपासणाऱ्याने पुन्हा निर्देशांक केलंच, तर त्याला पायाभूत वर्ष विचारा.