स्पीकरची पाठ: उघडी की बंद?

या महिन्यात गिटारच्या कॅबिनेटबद्दल, म्हणजे स्पीकर बसवायच्या पेटीबद्दल, बरेच प्रश्न आले. त्यातले पाच इथे घेतो.

प्रश्न: काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे 8 इंची स्पीकरचा 15 वॉटचा ट्रान्झिस्टर कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आहे. खोलीत बरा वाटतो, पण ड्रमसोबत वाजवलं की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. आता एक सेकंडहँड 12 इंची गिटार स्पीकर मिळालाय, 8 ओहमचा. घराजवळचे मिस्त्री पेटी करून देतो म्हणतात. किती मोठी करू, कोणतं लाकूड घेऊ आणि मागून बंद ठेवू की उघडी? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर: पाठीचा प्रश्न तू शेवटी विचारलास, मी तो आधी घेतो. पाठ ठरली की माप ठरतं, आणि लाकडाचा नंबर त्यानंतर लागतो. आपल्याकडे पेटी करायची म्हटलं की आधी प्लायचा भाव विचारतात आणि मागची फळी उरलेल्या तुकड्याची ठोकतात. माझ्या मते आवाजातला सगळ्यात मोठा फरक त्या मागच्या फळीनेच पडतो.

एक गोष्ट करून बघ. मिळालेला स्पीकर पेटीत न घालता तसाच टेबलावर उभा धर आणि हळू आवाजात जाड ई तार वाजव. तार ऐकू येईल, पण तिच्यात वजन नसेल. स्पीकर बिघडलेला नाही. त्याचा शंकूसारखा कागद पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची विरळ होते. म्हणजे स्पीकर मागच्या बाजूनेही तितक्याच जोरात वाजत असतो, फक्त तो आवाज पुढच्याच्या नेमका उलटा असतो. जाड ई तारेचा सूर 82 हर्ट्झचा, त्याची लाट चार मीटरपेक्षा लांब. फूटभराच्या स्पीकरला वळसा घालून ती सहज पुढे येते आणि पुढचा आवाज खाऊन टाकते. 5,000 हर्ट्झची लाट जेमतेम 7 सेंटिमीटरची. ती कडेवरून फारशी वळत नाही, म्हणून ट्रेबल शाबूत राहतो. मागून निघालेल्या या उलट्या आवाजाचं काय करायचं, पेटीचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो.

पाठ उघडी ठेवली तर हा आवाज अडत नाही, त्याला फक्त लांबून यावं लागतं. समजा, पेटीच्या कडेवरून वळून पुढे यायची वाट 60 सेंटिमीटर आहे. ढोबळ हिशेबाने 285 हर्ट्झच्या आसपास तो नेमका इतका उशिरा पोचतो की पुढच्या आवाजाला साथच देतो. त्याच्या खाली जावं तसा खर्ज उतरत जातो. म्हणून उघड्या पेटीत बेस हलका आणि सैल, मधला पट्टा मोकळा, आणि मागचा आवाज भिंतीवरून परतून खोलीभर पसरलेला. फेंडर कंपनीचा डीलक्स रिव्हर्ब अ‍ॅम्प हा याचा चांगला नमुना: 22 वॉट, एकच 12 इंची स्पीकर, साधारण 62 सेंटिमीटर रुंद, 44 उंच आणि फक्त 24 खोल. व्हॉक्स कंपनीचा एसी-30 दोन स्पीकरचा, तोही मागून बराचसा उघडा. अशी पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नकोस. दोन-तीन फूट पुढे ओढली की आवाज खुलतो.

पाठ पूर्ण बंद केली की मागचा आवाज आत कोंडला जातो. खर्ज टिकतो, सुरुवातीचा ठोका घट्ट येतो, आणि डिस्टॉर्शनवर (रॉकच्या फाटक्या आवाजावर) तळहाताने दाबून वाजवलेल्या तारांचा धक्का छातीला लागतो. पण कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते, आणि पेटी जितकी लहान तितकी ती स्प्रिंग ताठ. बऱ्याच गिटार स्पीकरांचा स्वतःचा नैसर्गिक सूर 75 हर्ट्झच्या आसपास असतो. बंद पेटीत तो वर सरकतो. पेटी फारच लहान असली तर तो गिटारच्या खालच्या सुरांमध्येच येऊन बसतो. मग ए तारेवरचा एखादा सूर घुमतो आणि शेजारचा दबून जातो. तुझ्या कॉम्बोची पाठ बंद असेल तर तुझ्या डबा-आवाजाचं एक कारण हे आहे. दुसरं म्हणजे 8 इंची कागद हवा कमी हलवतो, आणि ड्रमपुढे ते लगेच उघडं पडतं.

तू खोलीतही वाजवणार आणि गॅदरिंगलाही. तेव्हा मिस्त्रींना पाठ तीन आडव्या पट्ट्यांची करायला सांग: वरची आणि खालची कायमची, मधली स्क्रूने काढता-घालता येणारी. खोलीत मधली पट्टी काढ. मैदानातल्या स्टेजवर मागे भिंतच नसते, तिथे उघड्या पाठीचा आवाज वाऱ्यावर जातो. तिथे पट्टी लाव. दोन्ही आवाज तुझ्या कानांनी ऐकल्याशिवाय एका बाजूला कौल देऊ नकोस.

माप सांगतो: बाहेरून 60 सेंटिमीटर रुंद, 48 उंच, 28 खोल. 18 मिलिमीटर प्लाय धरला आणि स्पीकर बसवायची पुढची फळी थोडी आत बसवली तर आत 50 ते 55 लिटर हवा उरते. बंद केली तरी 12 इंची स्पीकरचा श्वास कोंडत नाही आणि उघडी ठेवली तरी कडा पुरेशा लांब पडतात. 8 बाय 4 च्या अर्ध्या शीटमध्ये सगळं बसतं. रिकामी पेटी 12-13 किलोची होईल, म्हणजे स्कूटरवर मागे बसलेल्याला मांडीवर धरून नेता येईल.

प्लाय कमर्शियल म्हणजे आयएस 303 चा चालेल. मरीन, आयएस 710, मिळाला तर जास्त टिकेल. पण शिक्क्यापेक्षा आतली भरणी महत्त्वाची. शीट विकत घेण्याआधी बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करून ऐक. जिथे पोकळ वाजेल तिथे आतल्या थरात फट आहे, आणि ती फट पुढे एखाद्या ठरावीक सुराला फरफरत राहील. पार्टिकल बोर्ड घेऊ नकोस: तो स्क्रू धरत नाही आणि पावसाळ्यात कडेने फुगतो. एमडीएफ फार जड, आणि त्याच्या कडेत स्क्रू मारला की चिरतो. 1960 च्या दशकातल्या कित्येक फेंडर अ‍ॅम्पमध्ये पुढची फळी पार्टिकल बोर्डाचीच होती आणि त्यांचा आवाज आजही लोक शोधत फिरतात. तेव्हा बोर्डाचं नाव ऐकून आवाजाचा निकाल देऊ नये. माझी हरकत टिकाऊपणाला आहे.

पुढची फळीही 18 चीच घे. पातळ फळी स्वतः थरथरते आणि आपला रंग मिसळते. जुन्या, ट्वीड कापड लावलेल्या फेंडरमध्ये ती मुद्दाम पातळ असायची, आणि स्वच्छ आवाजात ते सुंदर वाटतं. डिस्टॉर्शनवर मात्र सूर एकमेकांत मिसळतात. भोक कापण्याआधी तुझाच स्पीकर मोज. सेलेस्टियन कंपनीच्या 12 इंचीला 283 मिलिमीटरचं भोक लागतं, दुसऱ्या कंपनीचा वेगळा असू शकतो.

सांध्यांना सरस भरपूर लावायला सांग, नुसत्या खिळ्यांवर भागवू देऊ नकोस. पूर्ण बंद करून वाजवशील तेव्हा पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून फिरव आणि खर्जाची तार जोरात वाजव. जिथे धूर फडफडेल तिथून हवा गळतेय. तिथे सरस आणि भुसा भर.

आतून काय लावायचं, हेही मिस्त्री विचारतील. घरातली विरलेली सोलापुरी चादर दोन-तीन घड्या करून मागच्या फळीला आतून स्टेपल कर. जाड सुती विणीत वरचे आणि मधले सूर मुरतात, त्यामुळे मागच्या फळीवरून आपटून कागदातून पुढे येणारा कर्कशपणा कमी होतो. खर्जावर तिचा परिणाम जवळजवळ नाही, म्हणून पेटी चादरींनी ठासून भरू नकोस. उघड्या पाठीत चादर लावायची गरज नाही.

शेवटी जोडणी. कॉम्बोच्या मागे किंवा माहितीपत्रकात किमान किती ओहम लिहिलंय ते बघ. 8 असेल तर तुझा एकटा 8 ओहमचा स्पीकर ठीक आहे. आतला 8 इंचीही 8 ओहमचा असेल आणि सोबत चालू ठेवलास तर दोन्ही मिळून 4 होतील, म्हणून तो सोडव. वायर स्पीकरचीच वापर, गिटारची केबल नाही.

प्रश्न: गिटारचा इफेक्ट प्रोसेसर थेट डीजेवाल्यांच्या टॉपमध्ये (गाण्यांच्या स्पीकर बॉक्समध्ये) लावला की गिटार मधमाश्यांसारखी चरचरते. बॉक्स खराब आहे का? (अशोक चौक)

उत्तर: बॉक्स चांगला आहे, म्हणूनच चरचरते. त्यात ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) आहे, तो वरचा सगळा पट्टा जसाच्या तसा दाखवतो. गिटारचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झनंतर झपाट्याने खाली येतो आणि डिस्टॉर्शनची किरकिर तिथेच गाळली जाते. प्रोसेसरमध्ये गिटार कॅबिनेटची नक्कल करणारी सेटिंग असते, ती चालू करा. अ‍ॅम्पला गिटार कॅबिनेट जोडाल तेव्हा ती बंद करा, नाहीतर दोनदा गाळून आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होईल.

प्रश्न: सर, मी ऑर्केस्ट्रात लीड वाजवतो. चार स्पीकरचं कॅबिनेट घेतलं. पहिल्या रांगेतले लोक कान झाकतात आणि मला मात्र स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही. दोनच स्पीकर ठेवू का? (विजापूर रोड)

उत्तर: चार स्पीकरची पेटी आली ती ताकदीच्या गरजेतून. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात नवे अ‍ॅम्प तयार होत होते. तेव्हाचे सेलेस्टियन स्पीकर 15-20 वॉटचे, एक-दोन स्पीकरना तो जोर झेपत नव्हता. म्हणून चार एकत्र घातले. सुमारे 76 सेंटिमीटर रुंदीची ती बंद पेटी चार स्पीकर मावतील अशा सोयीने बनली आणि तिचाच आवाज पुढे रॉकचा आवाज ठरला. आज एकेक गिटार स्पीकर 60-75 वॉट सहज सोसतो, तेव्हा ती गरज तुम्हाला नाही. खर्जात चार कागद मिळून एकमेकांना आधार देतात, तो भरीवपणा मात्र खरा आहे.

तुमची अडचण वरच्या सुरांची आहे. 12 इंची स्पीकरमधून साधारण 1,300 हर्ट्झच्या वरचा आवाज अरुंद होत जातो, टॉर्चच्या झोतासारखा. तुम्ही पेटीला चिकटून उभे राहता, झोत तुमच्या पोटऱ्यांवरून जातो आणि पहिल्या रांगेच्या कानांत घुसतो. मग तुम्ही ट्रेबल वाढवता आणि त्यांचे हाल वाढतात. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात प्रेक्षक बसलेले आणि तुम्ही वर स्टेजवर, तिथे हे जास्तच जाणवतं.

दोन स्पीकरची पेटी करा, पण स्पीकर शेजारी-शेजारी ठेवू नका, एकावर एक ठेवा. शेजारच्या दोन स्पीकरपासून बाजूला उभ्या माणसाचं अंतर वेगवेगळं पडतं, त्यामुळे काही सूर त्याच्यापर्यंत येईतो कापले जातात. एकावर एक असले की डावी-उजवीकडे सगळ्यांना सारखं ऐकू येतं, आणि वरचा स्पीकर तुमच्या कानाच्या जवळ येतो. नवीन पेटी करेपर्यंत आहे तीच एखाद्या बाकावर चढवा, किंवा मागे कलती करून तिचं तोंड तुमच्या डोक्याकडे करा. टोनची बटणं त्यानंतर नव्याने लावा, आधीची सेटिंग विसरून.

प्रश्न: चर्चमध्ये एकच गिटार कॅबिनेट आहे. बास गिटार त्यातूनच वाजवली तर चालेल? (एक वाचक)

उत्तर: हळू सरावाला, पाठ बंद असेल तर चालेल. प्रार्थनेत पूर्ण आवाजात नको. बासची खालची ई तार 41 हर्ट्झची. उघड्या पाठीत कागदाला आवरायला कोंडलेली हवा नसते, तो हद्दीबाहेर हलतो आणि त्याला जोडलेली तारेची कॉइल घासते.

प्रश्न: आमचं जुनं घर उतरवलं, त्याच्या दारांचं सागवान पडून आहे. मुलगी गिटार वाजवते. तिच्यासाठी त्याची पेटी केली तर आवाज चांगला येईल का? (साखर पेठ)

उत्तर: येईल, आणि तुम्ही ती करावी असं मला मनापासून वाटतं. पन्नास-साठ उन्हाळे पाहिलेलं सागवान आता फारसं वाकत नाही. आवाजासाठी मात्र सागवान म्हणजे सर्वात वरचं लाकूड असं मानू नका. फेंडरच्या सुरुवातीच्या पेट्या पाईनच्या होत्या, बोटं एकमेकांत गुंतवल्यासारख्या सांध्यांच्या. पाईन हलकं, उघड्या पाठीच्या पेटीत ते जरा सोबत गातं. सागवान जड आणि शांत. स्पीकरचं बोलणं जास्त स्वच्छ ऐकू येतं.

चार बाजू सागवानाच्या करा. चौघींचे रेषे पेटीभोवती एकाच दिशेने फिरू द्या, म्हणजे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आकसल्या तरी चारी सोबत आकसतील आणि सांधे उकलणार नाहीत. पुढची फळी प्लायचीच घाला. रुंद सागवानी फळी चारी बाजूंनी सरसाने जखडली तर ती भोकापाशी तडकण्याची भीती आहे. सागवानात तेल असतं, सरस नीट धरत नाही. सांध्याच्या जागा ताज्या रंधून थिनरने पुसा आणि लगेच चिकटवा. जुने खिळे आधी लोहचुंबकाने शोधून काढा, नाहीतर मिस्त्रींच्या रंध्याचं पातं जाईल.

लाकूड कमी पडलं तर एमआयडीसीत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं पाईन भंगारात मिळतं. त्यावर एचटी असा शिक्का असेल तर ते उष्णता देऊन किडीपासून सुरक्षित केलेलं असतं, ते घ्या. एमबी असेल तर औषधाची धुरी दिलेली असते, ते मुलीच्या खोलीत नको. स्पीकर एकच 12 इंची, पाठ अर्धी उघडी ठेवा. पुढच्या जाळीचं कापड विरळ विणीचं निवडा; तोंडासमोर धरून फुंकर मारा, ती पलीकडे हाताला लागली तर आवाजही जाईल.